'मावशी'ची खुर्ची : रुग्णालयातील श्रम आणि आपले साहित्य

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीस जाणे मला टाळता येत नाही. मी बंजारा नाही. पण माझ्या वर्गातील बरीच मुले मानोरा, दिग्रस, पुसद या भागांतील तांड्यांवरून येतात, आणि आपल्या गुरुजीने सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी एकदा तरी यावे, असा त्यांचा हट्ट असतो. चैत्राचे ऊन, माणसांचा पूर, धूळ, नगाऱ्याचा आवाज. अशा गर्दीत कडेला एक आरोग्य पथकाचा तंबू असतो. यात्रेकडे पाहणाऱ्याचे लक्ष त्या तंबूकडे जात नाही. कोणी भोवळ येऊन पडला म्हणजेच तो दिसतो.

मागील एका यात्रेत मी त्या तंबूत बराच वेळ बसलो. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे परिचारिका म्हणून कामावर होती. तांड्यावरची मुलगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तंबूत एक टेबल होते, एक खुर्ची होती, ती डॉक्टरांची. रुग्णांसाठी खाट होती. ही मुलगी औषधांच्या रिकाम्या खोक्यावर टेकली होती, तेही मी आल्यावर उठून मला देऊ लागली. आणि उलट्यांवर फिनेल टाकणारी, पन्नाशीची एक बाई सकाळपासून उभी होती. तिला बस म्हणावे, असे तिथे काही नव्हतेच.

बोलता बोलता मुलगी म्हणाली, "सर, आम्हांला ताणतणावाची कार्यशाळा झाली. डोळे मिटून श्वास घ्यायला शिकवलं."

मी विचारले, "या मावशी होत्या का त्या कार्यशाळेला?"

ती क्षणभर गोंधळली. "त्यांना बोलावलं नव्हतं सर. सतरंज्या त्यांनीच टाकल्या होत्या."

या लेखाचा विषय मला त्या तंबूत मिळाला. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य हा विषय अलीकडे चर्चेत आला आहे. कोविडच्या साथीनंतर तर तो फारच बोलला जातो. परंतु 'कर्मचारी' म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे असते? थकण्याचा अधिकार कोणाला आहे? साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रश्न का विचारावा, अशी शंका कोणी घेईल. मला वाटते, हा प्रश्न आधी भाषेचा आहे आणि मग प्रशासनाचा.

रुग्णालयाच्या दारातून आत शिरले की नात्यांचा एक संसार सुरू होतो. परिचारिका 'सिस्टर', आया आणि झाडूवाली 'मावशी', वॉर्डबॉय 'मामा'. डॉक्टर तेवढे 'सर' आणि 'मॅडम'. म्हणजे वरच्या पायरीवर पद आहे आणि खाली उतरत गेले की नाते आहे. या नात्यात काहीच चांगले नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्या आजीला गावातील शेंबडी पोरे एकेरी नावाने हाक मारीत. तिची लेक तालुक्याच्या दवाखान्यात लागली आणि त्याच घरांतील माणसे आजारी पडल्यावर तिला 'मावशी' म्हणू लागली. हा बदल लहान नाही, आणि तो ज्यांनी अनुभवला नाही त्यांनी त्याची थट्टा करू नये. परंतु नात्यात हिशेब नसतो, हीच त्यातील मेख आहे. मावशीची पाळी किती तासांची, तिला साप्ताहिक सुट्टी मिळाली का, रात्रपाळीत पाठ टेकायला तिला जागा आहे का, हे कोण विचारतो? "मावशी, जरा तेवढं उचला," एवढे म्हटले की ते काम तिच्या कामांच्या यादीत आहे की नाही, हा प्रश्नच संपतो.

सरकारी पदनामे पाहा. कक्षसेवक, बाह्यरुग्ण सेवक, अपघात विभाग सेवक. 'परिचारिका' या शब्दाच्या मुळाशीही सेवा करीत भोवती फिरणारी दासीच आहे. ज्याच्या नावात 'सेवक' नाही असा खालच्या श्रेणीतील कर्मचारी म्हणजे सफाईगार. तिथे भाषेला एकाएकी प्रामाणिक व्हावेसे वाटले.

आता साहित्याकडे वळू. मराठी पांढरपेशा साहित्यात रुग्णालय पुष्कळ आहे. ध्येयवादी डॉक्टर आहे, त्याच्यावर अबोल प्रेम करणारी पांढऱ्या वेषातील परिचारिका आहे, शेवटच्या अंकात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचा लाल दिवा आहे. या कथानकात फरशी नेहमी स्वच्छ असते. ती कोण स्वच्छ करतो हे लेखकाला ठाऊक नसते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने वैद्यकीय व्यवसायाच्या पावित्र्याचा बुरखा फाडला, हे त्या पुस्तकाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण तीही डॉक्टरने डॉक्टरांची केलेली झडती होती. बादली घेऊन जाणाऱ्याची साक्ष त्यात निघणे शक्य नव्हते.

ही तक्रार आपण आजवर इतरांविरुद्ध केली. ती आता स्वतःविरुद्ध करण्याची वेळ आली आहे. दलित साहित्याने नोकरीची जागा वर्ज्य मानली नाही. बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती'मध्ये रेल्वेतील नोकरी आणली. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) पशुवैद्यकीय महाविद्यालयातील नोकरी आहे. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) संस्कृतची पदवी घेऊन नोकरीच्या दारांवर धडका देणारी स्त्री आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) सूतगिरणी आहे, युनियन आहे. आत्माराम राठोडांच्या 'तांडा'ने तर याच मातीतील एक बंद जग मराठीत उघडले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतपणात मरणाच्या दारी जाणाऱ्या बाया आहेत. तिथे दवाखाना नाही, हेच त्या पानांचे दुःख आहे. मग दवाखाना आला. आपल्या आया, मामा, भाऊ त्या दवाखान्यात कामाला लागले. एक अख्खी पिढी फिनेलच्या वासात जगली. तिचे लेखन कुठे आहे? माझ्या वाचनात जे आले, त्यात ती ओझरती दिसते. "आई दवाखान्यात झाडू मारीत होती" असे एक वाक्य येते आणि पुढच्याच वाक्यात मुलगा मॅट्रिक होतो. आई झाडू मारीतच राहते. लेखक पुढे निघून जातो.

यामागे एक कारण आहे, आणि ते सन्मानाचे आहे, असे मला वाटते. आपल्या साहित्याने अपमान लिहिला. तो लिहिणे ही ऐतिहासिक गरज होती. पण अपमानाचा एक क्षण असतो. त्याची तारीख सांगता येते. थकव्याला क्षण नसतो. तीस वर्षे ओली फरशी पुसून झिजलेल्या गुडघ्यांत नाट्य नाही. नकाराच्या आणि विद्रोहाच्या भाषेला हा रोजचा, नाट्यहीन झिजण्याचा अनुभव पेलता आला नाही. त्यामुळे तो आपण 'त्याग' या प्रस्थापितांच्याच शब्दात टाकून मोकळे झालो.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण घ्या. पहिली शिक्षिका म्हणून त्यांची तसबीर प्रत्येक शाळेत आहे. त्यांचा मृत्यू कसा झाला? १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. मुलगा डॉ. यशवंत याच्यासह त्यांनी पुण्याबाहेर दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातूनच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे आपली पहिली शिक्षिका दवाखान्याच्या कामावर असताना, त्या कामातील संसर्गाने मरण पावली. रुग्णाला पाठीवर वाहून आणणे हे आजच्या भाषेत कक्षसेवकाचे काम आहे. आपण या मरणावर ओव्या रचल्या, पोवाडे गायिले, परंतु "रुग्ण उचलणाऱ्याच्या जिवाचे रक्षण कोणी करावयाचे?" हा त्या मरणाने विचारलेला साधा प्रश्न घेतला नाही. त्यागाला नमस्कार केला की प्रश्न विचारावा लागत नाही.

तो प्रश्न न्यायालयात मात्र विचारला गेला आहे, आणि तो विचारणाऱ्या मुंबईच्या दोन आया होत्या. ही हकीकत कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. आपल्या साहित्यिकांना ती माहीत असू नये, याचे मला आश्चर्य वाटते. जे. जे. रुग्णालय समूहातील या दोन कक्षसेविकांना सरकारने नोटीस देऊन कामावरून कमी केले आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून मोकळे झालेले लोक घेतले. कायद्याप्रमाणे द्यावयाची नुकसानभरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा 'उद्योग' नव्हेच. तेव्हा औद्योगिक विवादाच्या कायद्याचे संरक्षण इथल्या नोकरांना लागू होत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जानेवारी १९६० रोजी न्या. गजेंद्रगडकरांनी निर्णय दिला की, रुग्णालय हा उद्योगच आहे. दोन आयांनी, आपण 'सेविका' नसून कामगार आहोत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून वदवून घेतले!

ते फार काळ टिकले नाही. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात न्यायालयाने हे मत फिरवले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने पुन्हा उद्योगाची व्याख्या रुंद केली आणि रुग्णालये आत आली. त्या व्याख्येवर पुढेही वाद होत राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि लोकोपयोगी सेवा करणाऱ्या संस्थांच्या मालकीच्या संस्था या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे 'सेवा' हा शब्द पुन्हा दारातून आत आला आहे. ज्या दवाखान्याच्या पाटीवर एखाद्या पुण्यवान न्यासाचे नाव आहे, तिथल्या मावशीने आपण कामगार आहोत हे आता कोणत्या दारी सिद्ध करावयाचे?

सरकारी दवाखान्यांतही स्थिती सोपी नाही. सफाईगाराची पदे रिकामी राहतात आणि काम कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटातील बाईला सेवापुस्तक नसते, बदली नसते, निवृत्तीही नसते. एक दिवस "उद्यापासून येऊ नको" असते. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने बाह्य यंत्रणांमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा सुशिक्षित तरुणांनी रान उठवले आणि तो ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. चांगले झाले. पण झाडूच्या कामात कंत्राट त्याआधी कितीतरी वर्षे शिरले होते. तेव्हा रान उठले नव्हते. अभियंत्याच्या नोकरीला कंत्राट लागते तेव्हाच आपल्याला कंत्राटदारी दिसते काय?

आता नांदेड. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार तिथे आले, घाणेरडे शौचालय पाहिले आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन ते त्यांच्याकडून साफ करून घेतले. अधिष्ठाता अनुसूचित जमातीचे. खासदारांवर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा नोंदवला गेला. एका आदिवासी डॉक्टरच्या हातात ज्या हिशेबाने झाडू ठेवला गेला, तो हिशेब आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. निषेध झाला, तो व्हायलाच हवा होता. मीही महाविद्यालयातील सभेत बोललो.

सभा संपल्यावर एक प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडीना. त्या सबंध गदारोळात झाडूचे वर्णन एकाच शब्दात होत होते: अपमान. अधिष्ठात्याच्या हातात झाडू हा अपमान; मग तो ज्याच्या हातात रोज सकाळी सहा वाजता असतो, त्याचे काय? तिथे तो झाडू काय असतो? शौचालय घाण का होते, तिथे सफाईगार किती असायला हवे होते आणि किती होते, एकेकाच्या वाट्याला किती वॉर्ड येत होते, हे विचारणारा आवाज फार क्षीण होता. खासदाराला ते दिसले नाही, हे ठीक. आपल्याला का दिसले नाही? आपणही नकळत हेच मान्य केले की, झाडू हलका आणि म्हणून तो विशिष्ट हातांतच शोभतो. आपण फक्त एका हाताला त्यातून सोडवीत होतो.

पदवीने सुटका होते असेही नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या तरुण आदिवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर ठेवण्यात आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिची आई न्यायाची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या मुलीच्या थकव्याला कार्यशाळेतील श्वासोच्छ्वास पुरला असता काय? डॉक्टर, परिचारिका, सफाईगार यांचा ताण एकाच औषधाने जाणारा नाही, कारण तो एका जातीचा नाही. 'जात' हा शब्द मी इथे दोन्ही अर्थांनी वापरतो आहे.

हे सर्व लिहिताना मी कोणत्या पायरीवर उभा आहे, हे सांगणे भाग आहे. माझी आई विदर्भातील एका सरकारी दवाखान्यात सफाईगार होती. दवाखान्याचे नाव इथे सांगण्यात हशील नाही. तो कोणताही असू शकतो. मी एम. ए. झालो तेव्हा तिच्या झाडूवर एक कविता लिहिली. कविसंमेलनात टाळ्या पडल्या, एका अंकात ती छापूनही आली. सुट्टीत घरी गेलो आणि आईला वाचून दाखवली. तिच्यात झाडूची मशाल होते, अंधार जळतो, वगैरे. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे समदं बराबर हाय बापू. पन मले बसाले खुर्ची नोती, थे तं तू लिवलंच नाई."

मी उत्तर देऊ शकलो नाही. मी पुढे तिला विचारत गेलो आणि ती सांगत गेली. बाळंतिणीच्या वॉर्डात रात्री अंग टेकायला तिला जागा नव्हती. ती पायऱ्यांवर बसे. कपडे बदलायला खोली नव्हती. दोनदा सुई टोचली, तेव्हा हळद लावली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांच्या लसी देणे, हातमोजे व बूट पुरवणे, वर्षाला आरोग्य तपासणी करणे हे रुग्णालयावर बंधनकारक आहे. आईला पिवळी, लाल, निळी पिशवी कोणती ते बिनचूक येई. लसीचे मात्र तिने ऐकले नव्हते. या तपशिलांत मशाल कुठेच नव्हती. मी त्यांच्यावर कविता केली नाही. करता आली नाही, हे जास्त खरे.

तिचे गुडघे गेले तेव्हा प्रश्न आला वारसाचा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळण्याची वाट केली आहे. या तरतुदीवर मी व्याख्यानांतून कठोर टीका केली आहे. बापाचा झाडू मुलाच्या हातात देणारी ही तरतूद म्हणजे वर्णव्यवस्थेची सरकारी नक्कल आहे, असे माझे वाक्य असे. ते वाक्य मी अजून मागे घेतलेले नाही. पण माझा धाकटा भाऊ बी. ए. होऊन चार वर्षे रिकामा बसला होता, घरावर कर्ज होते, आणि आईच्या जागेवर तो लागला. त्या अर्जावर वारस म्हणून माझी ना-हरकत लागत होती. मी सही केली. त्याच्या पगारातून आईचे औषध चालते, आणि माझ्या टीकेतून काय चालते, हे मला विचारू नये.

मागील दिवाळीत त्याने मला कागद आणून दिला. दवाखान्यातील सफाईगारांचा एक अर्ज लिहून हवा होता : कपडे बदलायला खोली, लस, आणि रात्रपाळीत बसण्यासाठी दोन खुर्च्या. मी मराठीचा प्राध्यापक, सुरुवातीला लिहिले, "आम्ही अहोरात्र रुग्णसेवा करणारे सेवक..." त्याने वाचले आणि पेन मागितले. म्हणाला, "दादा, सेवा कायले? आमी कामावर हावो. कामगार लिव्ह."

मी नवीन कागद घेतला. अर्ज एका पानाचा झाला. त्यावर अकरा सह्या आणि तीन अंगठे आहेत. आवक क्रमांकाची पोच माझ्या भावाने जपून ठेवली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.